डोंबिवलीला ठेवलेली आजी

मे महिन्याच्या शेवटी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पडवीत आमसुलं, अंगणात फेण्या, ओटीवर ताटाताटांतून आंब्याची साठं, आणि या सगळ्यावर नजर ठेवून असलेले कावळे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, कामं निघाली की आईला दुसरं काही दिसत नाही. पण एक वस्तू ती एका जागी कधी ठेवत नाही. चिंच अर्धी बरणीत, अर्धी माळ्यावरच्या मडक्यात. का गं, तर म्हणे, ‘एकीला बुरशी आली तर दुसरी आहे ना!’

अशा बाईचा मी मुलगा, आणि माझी बारा वर्षं एका काळ्या डबीत, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या हार्ड डिस्कमध्ये. फोटो, बागेचे हिशेब, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती, आणि आजीचं बोलणं. आजीला मी फोनवर तासन्‌तास रेकॉर्ड केलं होतं. जात्यावरच्या ओव्या, कुळथाची पिठी, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते. मधेच कोंबडीला दिलेली शिवीसुद्धा.

एका संध्याकाळी डबी लावली तर आतून आवाज. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. पाल चुकचुकावी तसा. हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरत असते आणि तिच्यावर वाचणारं टोक केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असतं, हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा वाटलं, ही एवढी वर्षं चालली कशी! पुण्यातल्या एका दुकानाने महिनाभर ठेवून घेतली आणि जशीच्या तशी परत पाठवली.

आजी तोपर्यंत गेली होती. तिचा आवाज उरला तो चाळीस सेकंदांचा, मी कधीतरी आत्येभावाला गंमत म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला. कोंबडीला दिलेली शिवीच नेमकी.

हा आत्येभाऊ चिपळूणचा. माझी फजिती ऐकून तो शहाणा झाला. सगळ्याची दुसरी प्रत काढली, वेगळ्या डिस्कवर. चिपळूणकर असल्याने पाण्याचाही विचार केला. २००५च्या पुराची रेघ त्यांच्या भिंतीवर होती, तिच्याही हातभर वर फळी ठोकली. त्या फळीवर कॉम्प्युटर आणि त्याच्याच शेजारी ती दुसरी डिस्क. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी ती रेघ ओलांडून फळीवर आली. चिखल काढताना त्याला दोन्ही डिस्क एकाच वेळी सापडल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला (आमच्याकडे तो वीज गेल्यावरच पडतो). जाणकार म्हणतात, प्रती तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी घराबाहेर. आई हे चिंचेच्या बाबतीत करत आलीच आहे. फक्त घराबाहेरचं मडकं तिने कधी ठेवलेलं नाही.

घराबाहेर म्हणजे क्लाउड, इंटरनेटवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायची जागा, असं सगळे सांगतात. गूगल १५ जीबी फुकट देतं, ते भाच्याच्या वाढदिवसातच भरलं. पैसे भरून जास्त जागा घेतली तरी वर चढवायचं कसं? आमच्याकडे रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. नशीब चांगलं असलं की दोन एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट. त्या वेगाने शंभर जीबी चढायला अखंड साडेचार दिवस लागतात, आणि अखंड हा शब्द पावसाळ्यात आमच्या वीजवाल्यांना माहीत नाही. शिवाय फोनशी जोडलेल्या क्लाउडची एक गोम आहे. इथून फोटो पुसला की तिथूनही पुसला जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो, मग तिथूनही जातो. त्याला प्रत कसली म्हणायची, तो नुसता आरसा.

पण कोकणाला घराबाहेरचं घर आहेच. गणपतीला काका-काकू डोंबिवलीहून येतात. जाताना त्यांच्या पिशव्यांत आमसुलं, पोहे, नारळ, आणि आता एक डिस्क. शिमग्याला ते येतात तेव्हा ती परत आणतात आणि मी ताजी भरलेली दुसरी देतो. एक टीबी, म्हणजे हजार जीबी, माल रात्रीच्या एसटीने सकाळपर्यंत मुंबईकडे पोचतो. एवढा वेग आमच्या सड्यावर कोणी पाहिलेला नाही.

पहिल्या वेळी काकूंनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसली होती. दमट हवा लागू नये म्हणून. मी हसलो, पण तांदळाचं पीठ बसेल म्हणून तिथून काढायलाही लावली.

प्रत नुसती ठेवून भागत नाही, ती उघडते का तेही बघावं लागतं. मडक्यातली चिंच आई अधूनमधून चाखते तसं. म्हणून दिवाळीनंतर काकूंना फोन केला, म्हटलं, ‘काकू, लॅपटॉपला लावा आणि काहीही एक उघडून बघा.’ बराच वेळ नुसती खटपट ऐकू आली. आणि मग फोनमधून, डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून, आजी कोंबडीवर ओरडली.

‘अगोबाई,’ काकू म्हणाल्या, ‘सासूबाई! थांब, पदर घेते.’