सुई ओवणारी राणी

माझ्या नावावर एकूण तीन गोधड्या आहेत, दोन लग्नाआधीच्या आणि एक मुलगी झाली तेव्हाची, त्यानंतर पंचवीसेक वर्षं शून्य. साड्या मात्र साठवत होते. एखादी विरली की "हिची गोधडी होईल" म्हणून माळ्यावर. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत ते बोचकं डोक्यावर पडलं (खरोखर पडलं, चष्मा वाचला) आणि ठरवलं की आता शिवायचीच, टोरंटोला नात आहे, तिला पाठवू.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही. दोऱ्याला थुंकी लावून झाली, खिडकीपाशी उभी राहिले, मोबाइलचा टॉर्च दातात धरला, शेवटी नवरा म्हणाला मशीनवर शिव की. मग तुळशीबागेत जाऊन ते पत्र्याचं छोटंसं ओवणं आणलं, बारीक तारेचा फास आणि वर बाईचा मुखवटा छापलेला असतो ना, तेच. आम्ही लहानपणी तिला राणी म्हणायचो. दहा-वीस रुपयांची वस्तू आणि पाच सेकंदात काम, पण तार फार नाजूक, जाड दोरा ओढला की तुटते, त्यामुळे घ्यायच्या तर चार-पाच राण्या एकदम घ्या.

आजीकडे असलं काही नव्हतं, ती वाकळ शिवायची (सातारकडची, तिथे वाकळच म्हणतात). तिची राणी म्हणजे मी आणि माझी चुलत भावंडं. शाळेतून आलं की आधी सुया ओवून द्यायच्या, मग खाऊ. मी कंटाळून भलामोठा दोरा ओवला की म्हणायची, "एवढा लांब घेतलास, लांबचं सासर मिळेल हो." मला मिळालं कोथरूड. लांबचं सासर पुढे माझ्या मुलीने घेतलं.

आता बाजारात इतकं काय काय आलंय की बघूनच दमायला होतं. गोल पातं फिरवत कापायचा तो रोटरी कटर, ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये पहिल्यांदा आणला म्हणे, आपण मात्र परवापर्यंत कात्रीने करकर कापत होतो. पंचेचाळीस मिलिमीटरचं पातं सगळ्यात कामाचं, सुती साडीच्या चार घड्या लोण्यासारख्या कापतं. एक सवय मात्र लावून घ्या, खाली ठेवताना दरवेळी पातं आत, दरवेळी म्हणजे दरवेळी. त्याखाली ती हिरवी मॅट हवीच, तिच्यावरचा काप आपोआप मिटतो. माझी मी हौसेने धुतली आणि गॅलरीत उन्हात वाळत घातली, तासाभरात तिचा भाजलेला पापड झाला, परत सपाट होईना. दुसरी आता पलंगाखाली आडवी झोपलेली असते.

कपड्यावर रेघा मारायला गरम झालं की पुसला जाणारा पेन घेतला होता. इस्त्री फिरवली की रेघ गायब, मी खूश. मग कुठेतरी वाचलं की तो रंग जात नाही, नुसता दिसेनासा होतो, फार थंडीत परत उगवतो. एक तुकडा मटारच्या पिशवीशेजारी फ्रीजरमध्ये ठेवला आणि सकाळी बघते तर सगळ्या रेघा हजर! पुण्यात चाललं असतं हो, पण टोरंटोच्या थंडीत? शिंप्याचा खडू जिंदाबाद.

बाकी सगळं आजीच्या वाकळेशी ताडून बघायची सवयच लागली मला. ती जमिनीवर साड्या अंथरायची, एका टोकावर वरवंटा, दुसऱ्यावर पाट, उरलेली दोन टोकं जावा ओढून धरायच्या, तोंडं चालूच. माझ्याकडे जावा नाहीत तर वाकड्या पोटाच्या सेफ्टी पिना आहेत. त्यांचा बाक असा असतो की थर न सरकवता पिन खालून वर येते. कडेला लाल प्लास्टिकच्या क्लिपा. सुई पडली की आजी सगळ्यांना जागच्या जागी थांबवायची, सापडेपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही, पोरं पोटावर झोपून शोधायची. मी बोहरी आळीतून मेकॅनिक लोकांची लांब होणारी चुंबकाची काठी आणलीये, वाकावंच लागत नाही. गुडघ्यांसाठी जेवणाचं टेबल, डोळ्यांसाठी गळ्यात अडकवायचा लाइट. एका वाकळेला आजीला पाच-सहा माणसं लागायची, मला तेवढीच खरेदी लागली. फक्त ह्यातलं कुणी गप्पा मारत नाही, त्यासाठी वेगळा मोबाइल लावून ठेवावा लागतो.

अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) तेवढं तेव्हाही होतं, आताही आहे, मी आता चामड्याचं घेतलंय कारण पितळी घामाने घसरतं. आणि सुया घेताना लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मी उलटं समजून दोन पाकिटं फुकट घालवली. आखूड सुईने टाका छोटा पडतो, पण जुन्या साड्यांचे पाच-सहा थर असतील तर जरा दणकटच घ्या, नाहीतर वाकते. व्हिडिओतल्या बायका सांगतात की मधून सुरुवात करून बाहेर जा, आपल्याकडे उलट, कडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन आत जायचं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तीसुद्धा कडेनेच. मी आजीचंच धरलं. चुका मध्यभागी जमतात आणि मध्यभागी कुणी बघत नाही.

पट्ट्या मशीनवर जोडल्या, पाव इंच माया सोडून. त्यासाठी मशीनला लावायचं वेगळं पाऊल मिळतं, मी मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावली, तेवढंच नीट येतं.

डिसेंबरात लेक आली होती. एका दुपारी नात झोपल्यावर शेजारी बसली, राणीकडे बघून हसली, बाजूला ठेवली, आणि रिळाच्या दोऱ्यात एकामागे एक सुया ओवत गेली, म्हणजे मला लागेल तशी एक पुढे ओढायची, दोरा कापायचा, बाकीच्या रिळावरच राहतात. अशी तीन रिळं भरून ठेवली, प्रत्येकावर पंधरा-वीस. त्यातली दोन संपली. तिसऱ्यावर आता चार सुया उरल्यात आणि गोधडीचे आतले तीन चौकोन बाकी आहेत.