दहा मायक्रोअँपिअरसाठी स्विच निवडताना

चार तारांच्या पद्धतीने (दोन तारांनी प्रवाह देऊन, वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज घेऊन) रोध मोजताना जोडांवर तापमानातील फरकामुळे तयार होणारे औष्णिक व्होल्टेज वजा व्हावे, म्हणून मला सेकंदाला दहा आवर्तने करणारा, दोन्ही दिशांनी १० मायक्रोअँपिअर देणारा करंट सोर्स, म्हणजे भार कोणताही असो ठरलेलाच प्रवाह देणारे सर्किट, हवा होता; दिशा उलटवायला त्यात इलेक्ट्रॉनिक स्विच लागतात. दहा हजारांत एक एवढीच चूक चालणार होती, म्हणजे सगळी गळती (नको त्या वाटेने निसटणारा प्रवाह) मिळून १ नॅनोअँपिअर.

सुरुवात मी डेटाशीटमधल्या चुकीच्या रकान्यापासून केली. ऑन-रेझिस्टन्स (स्विच चालू असतानाचा त्याचा स्वतःचा रोध) कमी तो स्विच चांगला, या सवयीने एक अख्खी संध्याकाळ याद्या करण्यात गेली. मग आकृती समोर ठेवल्यावर लक्षात आले की प्रवाह मोजणारा रोध एच-ब्रिजच्या, म्हणजे भारातला प्रवाह उलटवणाऱ्या चार स्विचच्या जोडणीच्या, अलीकडे आहे. स्विचमध्ये ३५ ओहम असले तरी त्यावर पडणारे ३५० मायक्रोव्होल्ट सोर्स स्वतःच भरून काढतो. उलट ऑन-रेझिस्टन्स कमी करण्यासाठी आतले ट्रान्झिस्टर मोठे करावे लागतात, आणि त्याबरोबर गळती व धारिता वाढते.

खणात सीडी ४०६६ या स्विचच्या चिप पडून होत्या. त्याची नमुनादाखल दिलेली गळती काही पिकोअँपिअर, परंतु हमी मात्र १०० नॅनोअँपिअरची. १० मायक्रोअँपिअरच्या तो एक टक्का झाला. नमुनादाखल आकड्यावर विसंबून मोजमापाचे उपकरण बांधायला माझे मन धजावले नाही. रीड रिलेत (कॉइलच्या चुंबकत्वाने मिटणारा धातूचा संपर्क) गळतीची काळजी जवळजवळ नसते. तथापि दिवसाला ८,६४,००० वेळा मिटणारा संपर्क दहा कोटी वेळांचे आयुष्य चार महिन्यांच्या आत संपवतो, शिवाय कॉइलच्या उष्णतेने संपर्कांवर तेच औष्णिक व्होल्टेज तयार होते, जे टाळायला मी निघालो होतो.

शेवटी डीजी ४११ हा चार स्विचचा चिप घेतला. २५ अंश सेल्सिअसला बंद स्विचच्या गळतीची कमाल मर्यादा पाव नॅनोअँपिअर आहे आणि प्रत्येक उघडझापेला आत शिरणारा विद्युत्भार सुमारे ५ पिकोकूलोम. सेकंदाला वीस बदल धरले तर सरासरी १०० पिकोअँपिअर, म्हणजे ०.१ नॅनोअँपिअर. सेकंदाला हजार आवर्तने केली असती तर हाच आकडा १० नॅनोअँपिअरवर गेला असता, म्हणून वारंवारता वाढवण्याचा मोह आवरला.

डीजी ४१२ऐवजी ४११ का, याचे कारण मला विशेष आवडते. व्होल्टेज सोर्सला शॉर्ट सहन होत नाही, तर करंट सोर्सला उघडा मार्ग सहन होत नाही: क्षणभर वाट तुटली की आउटपुट थेट पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे धावते. ४११चे स्विच इनपुट शून्य असताना मिटलेले, म्हणजे प्रवाह वाहू देणारे, असतात (४१२चे याच्या उलट), त्यामुळे कंट्रोलर जागा होईपर्यंत चारही स्विच मिटलेले राहतात आणि प्रवाह ब्रिजमध्येच फिरतो. दिशा बदलतानाही मी एक मायक्रोसेकंद चारही मिटवतो. त्याआधी ऑसिलोस्कोपवर प्रत्येक बदलाला दिसणारा उंच काटा त्यानंतर जवळजवळ नाहीसा झाला.

तरीही १०० ओहम आणि १०० किलोओहम या दोन भारांवर प्रवाह सारखा भरेना. एकाच दिशेने वाहणारी गळती दोन वाचनांच्या वजाबाकीत निघून जाते. भारावरील व्होल्टेजबरोबर दिशा बदलणारी गळती मात्र तशीच उरते. बोर्डवर फुंकर घातली की तिच्यातल्या ओलाव्याने वाचन हलायचे, तेव्हा दोष स्विचकडे नव्हता हे कळले. चिपच्या पायांमधला फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर) आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुऊन बोर्ड वाळवला, आणि दोन्ही भारांवरचा फरक १ नॅनोअँपिअरच्या आत आला.