किती टक्के लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गणपतीत घरी गेले की कुणी ना कुणी गाठतंच: "ताई, परदेशात पीएचडीला स्कॉलरशिप मिळायला किती टक्के लागतात?" मी जर्मनीत रसायनशास्त्रात पीएचडी करते, म्हणून प्रश्न माझ्याकडे.

टक्क्यांचं आधी उरकून टाकते. जर्मनीत १ म्हणजे सर्वांत उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले टक्के एका सूत्राने त्यात बसवतात आणि त्या सूत्रात पासिंगचा आकडाही धरतात. पासिंग ४० ला असेल तर ७० टक्क्यांचे २.५ होतात, ५० ला असेल तर त्याच ७० चे २.८. तेव्हा मार्कशीटवर पासिंग छापलेलं नसेल तर विद्यापीठाकडून लिहून घ्या. बाकी, फर्स्ट क्लास आहे म्हणून कुणी बोलावत नाही आणि डिस्टिंक्शन हुकलं म्हणून सहसा कुणी हाकलतही नाही.

माणसं गळतात ती तारखांवर. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएचडी योजनेचं बघा. वयाची अट नाही, कुठल्या देशाचे आहात याची नाही. पण ज्या देशात जागा आहे, त्या देशात रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे कर्ज काढून जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स नुकतंच संपवलेला मुलगा तिथल्याच जागेला बाद, आणि सांगलीत एमएस्सी करून थेट अर्ज टाकणारी मुलगी पात्र! (त्याने नेदरलँड्स, डेन्मार्क बघावं. अट त्या एका देशापुरती आहे, सगळ्या युरोपला नाही.) डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मन संस्थेच्या पीएचडी शिष्यवृत्तीलाही शेवटची पदवी साधारण सहा वर्षांच्या आतली लागते आणि अर्ज करताना जर्मनीत १५ महिन्यांहून जास्त काळ काढलेला नसावा लागतो. "आधी नोकरी करू, मग बघू" म्हणणाऱ्यांनी हे सहा वर्षांचं लक्षात ठेवावं.

आपल्या केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला मात्र टक्के मोजतात: किमान ६०, वय ३५ पर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांनी ती आधी बघावी.

आणि मला स्वतःला स्कॉलरशिप नाहीच मुळी. मी विद्यापीठात नोकरीला आहे. जागेची जाहिरात निघाली, मुलाखत झाली, करार झाला. सरकारी वेतनश्रेणी ई १३, तिच्या ६५ टक्के पगार, त्यातून कर, विमा, पेन्शन कापून. जर्मनीत असे बरेच जण आहेत. आईला हे अजून पटलेलं नाही, ती अख्ख्या गल्लीला स्कॉलरशिपच सांगते. त्यामुळे नुसतं 'स्कॉलरशिप' शोधत बसलात तर या जागा नजरेलाच पडणार नाहीत. आपल्या विषयातले प्रोफेसरांचे संशोधन गट शोधा, त्यांच्या पानावरच्या जाहिराती बघा. एकच ईमेल दोनशे प्रोफेसरांना पाठवू नका, ते पहिल्या ओळीत ओळखतात. त्यांचा एक पेपर नीट वाचून त्यावर चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.

सगळ्यात जास्त वाट लागते शिफारसपत्रांची. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग पोरं इंटरनेटवरून 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' उचलतात आणि एकाच वर्गातल्या चौघांची पत्रं जुळ्यासारखी दिसतात. निवड करणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: प्रोजेक्टमध्ये कुठली रिअ‍ॅक्शन फसली, मग या मुलीने काय बदलून पाहिलं. सरांना हे आठवत नसेल तर प्रोजेक्टची वही घेऊन त्यांच्यासमोर बसा, लिहू द्या त्यांनाच. दोन महिने आधी सांगा. आणि त्यांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे ना ते तपासा. पत्र अपलोड करायची लिंक बहुतेक ठिकाणी त्यावरच जाते, आणि बऱ्याच सरांना त्याचा पासवर्ड आठवत नसतो.