आमची वाटचाल : बंपर आणि पेटंटचा प्रश्न

रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात सुरुवातीला केवळ रबरी बुश आणि बफर तयार होत. गोदामाच्या फलाटाला ट्रक मागे घेताना जिथे आपटतो, तिथे लावायच्या बंपरची मागणी पुढे आली. रबर धक्का झेलते, पण साठलेली ऊर्जा बऱ्याच अंशी परत करते. पोलादी नळी घड्या पडत चेपते आणि ऊर्जा शोषून घेते, मात्र एकदाच. म्हणून रबराच्या मागे बदलता येणारी नळी बसवलेला बंपर आम्ही तयार केला.

पेटंटसाठी अर्ज करायचा म्हटल्यावर खरा विचार सुरू झाला, कारण वस्तू नवी असणे पुरेसे नसते. पेटंट कायदा, 1970 नुसार त्या क्षेत्रातील कुशल माणसाला ती सहज सुचणारी नसावी लागते, आणि ज्ञात साधने आपापले काम स्वतंत्रपणे करत असतील तर त्यांची निव्वळ मांडणी कलम 3(एफ) नुसार शोध ठरत नाही. कार्यशाळेत सहज होणाऱ्या सुधारणेपेक्षा त्यात काही अधिक हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात 1978 मध्येच सांगितले आहे. अमेरिकेतील 1966 चा ग्रॅहम खटला तर धक्का सोसणाऱ्या नांगराच्या क्लॅम्पचाच होता : दांडा आणि बिजागरीची पट्टी यांची वर-खाली अदलाबदल कोणाही जाणकाराला सुचली असती, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

या कसोटीवर रबर आणि नळी एकत्र आणणे टिकणार नाही, हे आम्हाला पटले. मोटारींच्या बंपरमध्ये मऊ थर आणि चेपणारी नळी पूर्वीपासून आहेतच. पण आमच्या रचनेत दाबले गेलेले रबर बाजूंना फुगते आणि तो फुगवटा नळीचे तोंड आत ढकलून पहिली घडी सुरू करतो. एरवी त्यासाठी नळीवर खाचा पाडतात. दावा आम्ही एवढ्यापुरताच केला. उत्तर समजल्यावर कोणतीही रचना सोपी भासते, हे मला फार जाणवते, म्हणून युक्तिवादापेक्षा पुरावा महत्त्वाचा मानला : नुसते रबर, नुसती नळी आणि दोन्ही एकत्र, अशा तीन चाचण्यांत एकत्रित रचनेतील बलाचा सुरुवातीचा उच्चांक, म्हणजे पहिली घडी पडण्यासाठी लागणारे सर्वाधिक बल, नुसत्या नळीपेक्षा स्पष्टपणे खाली आला. मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडून आलेल्या परीक्षण अहवालाला उत्तर देताना आम्ही या चाचण्यांचे आलेख पुढे ठेवले असून, निर्णय अद्याप व्हायचा आहे.