तळव्याची खबर

भाजीच्या गाडीशी पोचले तरी मला पत्ता नव्हता. चिनू मागून ओरडत आला, "आजी, तुझी चप्पल!" डावी चप्पल गल्लीच्या तोंडाशीच राहिली होती. म्हणजे भर दुपारी तापलेल्या डांबरावरून मी एका पायाने अनवाणी आले. तळवा लालबुंद.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. याच पावलाची रात्री अशी आग होते की चादर टेकलेली सोसत नाही. मग आज खरोखर भाजत होतं तेव्हा हे पाऊल गप्प का बसलं? नसलेली आग कळते आणि असलेली कळत नाही. माझाच पाय ना हा?

डॉक्टरांनी मागे समजावलं होतं. मधुमेहात रक्तातली वाढलेली साखर आधी सगळ्यात लांबच्या नसांना गाठते, म्हणून पायाच्या बोटांपासून सुरुवात, मग मोजा जिथवर येतो तिथवर वर चढतं. ऊन-गार आणि दुखणं नेणाऱ्या नसा अगदी बारीक. त्या मेल्या की खालची खबर वर जात नाही. अर्धवट उरलेल्या मात्र काही झालेलं नसताना खबर धाडत राहतात, आणि मेंदू ती खरी मानतो. ऐकताना सगळं पटलं होतं. आज नुसता राग येतोय.

तपासताना त्यांनी १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा तो नायलॉनचा धागा तळव्यावर वाकेपर्यंत दाबला, कळतं का ते बघायला. मी डोळे मिटून वाट बघत होते, त्यांचं लावून झालंही होतं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की थरथरणारा तो दोन टोकांचा चिमटा, घोट्यावर थरथरलेला कळला, अंगठ्यावर नाही. आईच्या अंगठ्याचं... ते आज नको.

या पायांनी काय काय केलं, आणि आता हे. जेवतानाही रडू येत होतं. चिनूने विचारलं, दुखतंय का? काय सांगणार त्याला! दुखत नाहीये, हेच तर.

मग उठले. नजर शाबूत आहे माझी. मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळाची चप्पल उद्याच आणायची. आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्यासुद्धा. टाचेची मागची बाजू दिसेना, तेव्हा ह्यांना हाक मारली. चष्मा शोधून त्यांनी नीट पाहिलं. म्हणाले, काही नाही. सकाळी परत बघा म्हटलं, फोड कधीकधी उशिरा येतो.