एकच हुन्नर, तीन वेगळे तास

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लेथवरचा, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावरचा, एकच हुन्नर तीन तऱ्हांनी विकणारी माणसे शेजारी शेजारी भेटतात. एक पगारावर आहे. दुसऱ्याने शेड भाड्याने घेऊन जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगप्रमाणे नग करून देणे, सुरू केले आहे. तिसरा घरी बसून ड्रॉइंग आणि फिक्श्चर (नग मशीनवर पकडून ठेवणारे साधन) डिझाइन करून देतो. एकातून दुसऱ्यात जाताना जे अडचणीत येतात, त्यांचा हात सहसा चांगलाच असतो. नोकरीतला तासाचा हिशेब ते धंद्यात तसाच लावतात, तिथे गाडी अडते.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हाताच्या कामाचे शिक्षण देण्यासाठी. तरी दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत ‘पगार सुरू आहे ना?’ हा प्रश्न आजही आधी विचारतात, आणि तो रास्त आहे. हातात येणाऱ्या रकमेपलीकडे नोकरी बरेच काही देते. पीएफमध्ये मालकाचा वाटा, ग्रुप मेडिक्लेम, ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत ५ वर्षे पुरी झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते: शेवटचा बेसिक आणि डीए गुणिले १५ गुणिले वर्षे, भागिले २६. बेसिक-डीए २६,००० आणि नोकरी ८ वर्षे, तर १ लाख २० हजार. चार-सहा महिने थांबल्याने ५ वर्षे पुरी होत असतील तर थांबावे. मेडिक्लेमची स्वतंत्र पॉलिसी मात्र नोकरीत असतानाच काढा. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ ३ वर्षांपर्यंत असू शकतो. तो पगार सुरू असताना सरलेला बरा.

आता शेडचा हिशेब. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे आपले भरा. जुने सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ ९ लाखांना घेतले आणि त्याची किंमत ६ वर्षांत वसूल करायची म्हटली, तर वर्षाला दीड लाख. व्याज सरासरी ५० हजार, शेडचे भाडे १ लाख ८० हजार, ऑपरेटर बोनस-पीएफसह २ लाख ७० हजार, दुरुस्ती ६० हजार. आणि स्वतःचा पगार, महिना ४० हजारांप्रमाणे ४ लाख ८० हजार. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. उरेल ते माझे, असे म्हणतात, आणि मग काही उरत नाही. एकूण ११ लाख ९० हजार.

वर्षातून रविवार आणि सुट्ट्या वजा केल्या की साधारण २९३ दिवस राहतात, रोज ८ तास, म्हणजे २,३४४ तास. या तासांनी भागले तर तासाला ५०८ रुपये. वीज, इन्सर्ट (कापणारी पाती), कुलंट (थंड ठेवणारे द्रव) यांचे ८८ मिळवले की ५९६. याच आकड्यावर भाव दिले जातात, आणि तो खोटा आहे. एका मशीनच्या शेडमध्ये सेटिंग (नव्या कामासाठी मशीन जुळवणे), मालाची वाट, ऑपरेटरची रजा, वीज जाणे, गिऱ्हाईकाची मंजुरी यांत तास जातात. मशीन ६० टक्के वेळ चालले, तर बिल लावता येतात असे तास १,४०६. मग खरा भाव तासाला ९३४. बाजार तेवढा देत नसेल तर दोन वाटा आहेत. ऑपरेटर न ठेवता स्वतः मशीनवर उभे राहिले तर भाव ७४२ वर येतो. दुसरा ऑपरेटर ठेवून दोन शिफ्ट चालवल्या तर ६०७ वर येतो, पण त्यासाठी कामही दुप्पट आणावे लागते. माझ्या मते पहिले वर्ष स्वतःच उभे राहावे. मशीन कुठे आणि किती वेळ थांबते ते तेव्हाच कळते.

कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त नुकसान सेटिंगच्या वेळेत होते. समजा एका नगाला लोडिंगसह ४ मिनिटे लागतात आणि सेटिंगला अडीच तास. लॉट ३०० नगांचा असेल तर सेटिंग नगामागे अर्धे मिनिट पडते, ३० नगांचा असेल तर ५ मिनिटे. ९३४ च्या भावाने मोठ्या लॉटमध्ये नगाचे साधारण ७० रुपये होतात आणि छोट्या लॉटमध्ये १४०. गिऱ्हाईक ३०० चा भाव घेते आणि माल ३०-३० ने मागवते. म्हणून सेटिंगचे पैसे वेगळे लावा, किंवा कोटेशनमध्येच कमीत कमी लॉट लिहा. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर (कितवी सुधारित आवृत्ती ते) कोटेशनवर आणि चलनावर, दोन्हीकडे हवा. जुन्या रिव्हिजनवर २०० नग काढले तर चूक कोणाची हे त्या एका नंबरावर ठरते. पहिला नग मोजून, सही घेऊनच लॉट सुरू करा. माल गिऱ्हाईकाचा असेल तर सेटिंगमध्ये किती नग वाया गेलेले चालतील आणि चिप्स (कातताना निघणारा धातूचा कीस) कोणाच्या, हेही आधीच लिहून घ्या. पितळेच्या कामात चिप्सचीच किंमत मोठी असते. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला आलेला माल एक वर्षाच्या आत परत जायला हवा, तेव्हा चलनांची फाइल तारखेवार लावा.

पैशाची ओढ मात्र निराळीच. भाडे, ऑपरेटर, वीज-टूल्स, दुरुस्ती, घरखर्च आणि ९ लाखांच्या कर्जाचा ५ वर्षांचा हप्ता धरला तर महिन्याला सुमारे १ लाख १२ हजार रोख लागतात. पहिले बिल वटेपर्यंत तीन महिने सहज जातात. म्हणजे मशीनच्या किमतीखेरीज ३ लाख ४० हजार बाजूला हवेत. ते नसतील तर मशीन घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, गिऱ्हाईकाने पैसे दिले असोत वा नसोत. लघुउद्योग म्हणून सरकारकडे करायची उद्यम नोंदणी फुकट आहे, ती पहिल्याच दिवशी करा आणि तिचा नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्यामहिन्याला चढणारे व्याज. छोटा माणूस तक्रार करायला कचरतो, हे मान्य. पण बिलाच्या खाली ही ओळ छापलेली असली की अकाउंट्स विभागात बिल जरा वरच्या गठ्ठ्यात जाते.

सल्ल्याच्या किंवा डिझाइनच्या कामात मशीन नाही, भाडे नाही, म्हणून ते सोपे वाटते. तिथे बिल लावता येणारे तास आणखी कमी असतात. वाघोडिया किंवा मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीची एक फेरी अर्धा दिवस खाते, कोटेशन आणि वसुलीचे फोन वेगळेच. २,३४४ पैकी १,१०० तासांचे बिल झाले तरी ते वर्ष चांगले म्हणायचे. कॅड सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे पैसे तासाच्या भावातच धरा. फीमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. तो आपल्या नावावर जमा झालेला दिसतो का, हे दर तिमाहीला तपासा, कारण कापून न भरणारेही असतात.

या कामात पैसे बुडतात ते दुरुस्त्यांमध्ये. ‘जरा हे भोक दोन मिलिमीटर सरकवा’ असे म्हणत म्हणत सहावी आवृत्ती होते. दोन दुरुस्त्या फीमध्ये, तिसरीपासून तासाने पैसे, असे आधी लिहून द्यावे. फीचे ४० टक्के सुरुवातीला, ४० टक्के मंजुरीच्या ड्रॉइंगवर, २० टक्के शेवटी. मंजुरीसाठी फक्त पीडीएफ पाठवा. मूळ कॅड फाइल शेवटचे २० टक्के खात्यात जमा झाल्यावर. आणि जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज, पेन ड्राइव्हवर असोत की मेलमध्ये, नोकरी सोडतानाच परत करून तशी पोच घ्या. तसाच पार्ट पुढे दुसऱ्या कोणी करायला सांगितला, तर समोर नमुना ठेवून मापे नव्याने घ्या.