बील्स स्ट्रीटवरचं घर आणि रोझ केनेडींची कार्डं

बोस्टनच्या मुक्कामात हार्वर्ड पाहिलं, फ्रीडम ट्रेलची तांबडी रेघ धरून पाय दुखेपर्यंत चाललो, बंदरावरच्या गर्दीत धक्के खाल्ले. ते सगळं इथेच सोडते. मला लिहायचंय ते बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावातल्या 83, बील्स स्ट्रीट या घराबद्दल. शहरी रेल्वेच्या ग्रीन लाइनवरच्या सी गाडीने कूलिज कॉर्नरला उतरलं की थोडं चालावं लागतं. 29 मे 1917 रोजी जॉन एफ. केनेडी या घरात जन्मले.

केनेडी म्हटलं की गडगंज श्रीमंती आठवते. इथे मात्र खोल्या बेताच्या, शेजारची घरं अगदी जवळ. त्यांचे आईवडील रोझ आणि जोसेफ 1914 मध्ये लग्नानंतर इथे राहायला आले आणि 1920 मध्ये याच परिसरातल्या मोठ्या घरात गेले. राष्ट्राध्यक्षांच्या हत्येनंतर, 1966 मध्ये, कुटुंबाने हे घर परत विकत घेतलं आणि रोझ यांनी ते आठवेल तसं पुन्हा लावलं. त्यांचं ध्वनिमुद्रित निवेदनही आहे. जॅकचा, म्हणजे जॉनचा, जन्म खिडकीजवळच्या पलंगावर झाला, डॉक्टरांना उजेड मिळावा म्हणून. हे त्या इतक्या सहज सांगतात की मुलाचा शेवट कसा झाला ते ऐकणाऱ्याला क्षणभर आठवतच नाही.

मी रेंगाळले ती त्यांच्या लिहिण्याच्या टेबलाशी. रोझ प्रत्येक मुलाचं एक कार्ड ठेवायच्या: जन्म, वजन, लसी, आजार. पुढे जोसेफ लंडनला राजदूत झाले तेव्हा तिथल्या पत्रकारांना यात अमेरिकी शिस्त दिसली. रोझ यांचं म्हणणं, शिस्त कसली, नऊ मुलांपायी आलेली अगतिकता होती ती. मला ते लगेच पटलं. जॅकच्या कार्डावर डांग्या खोकला, गोवर, कांजिण्या आणि फेब्रुवारी 1920 मधला स्कार्लेट फीव्हर, म्हणजे अंगावर लाल पुरळ उठणारा संसर्गजन्य ताप.

तेव्हा तो अजून तीन वर्षांचाही नव्हता. त्याच फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचा, कॅथलीनचा, जन्म झालेला, म्हणजे आई बाळंतीण, घरात तान्हं मूल आणि संसर्गाची धास्ती. पेनिसिलिन अजून सापडलंही नव्हतं. ब्रुकलाइनच्या रुग्णालयात संसर्गजन्य रोग्यांची सोय नव्हती आणि बोस्टनचं सरकारी रुग्णालय फक्त बोस्टनकरांसाठी. जॅकचे आजोबा जॉन फिट्झजेराल्ड बोस्टनचे माजी महापौर, म्हणून ओळखीने खाट मिळाली. वडील रोज चर्चमध्ये जात, तिथून मुलाकडे. मूल वाचलं तर अर्धी संपत्ती दान करीन, असा नवस ते बोलले आणि मुलगा बरा झाल्यावर 3,750 डॉलरचा धनादेश देऊन तो फेडला. व्यवहारात एवढा कठोर म्हणून ओळखला जाणारा माणूस!

आजारपणानेच जॅकला नेता घडवलं, असं बरेचदा ऐकायला मिळतं. अंथरुणावर पडून त्याने भरपूर वाचलं, राजा आर्थरच्या गोष्टींत तो रमायचा, हे खरं. जॅकला चावलेला डासच मरायचा, असं भावंडं हसून म्हणत, हे धाकट्या रॉबर्टने पुढे लिहिलं. आयुष्यातले निम्मे दिवस तरी त्याने वेदनेत काढले, हेही रॉबर्टनेच लिहिलं. पण स्कार्लेट फीव्हरच्या त्या साथीत ज्यांचे आजोबा महापौर नव्हते, ती मुलंही तापाने तितकीच फणफणली असतील. जॅकला घडवलं ते त्याच्यासाठी धावणाऱ्या माणसांनी. आजाराला त्याचं श्रेय द्यायला मी तयार नाही.

आणि धावणारी माणसंही प्रत्येक मुलासाठी सारखी धावत नाहीत. सप्टेंबर 1918 मध्ये याच घरात जॅकची धाकटी बहीण रोझमेरी जन्मली. तिची वाढ मंद होती. 1941 मध्ये, ती 23 वर्षांची असताना, वडिलांनी ठरवून तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. ती फसली आणि पुढचं सारं आयुष्य तिने परावलंबी होऊन संस्थेत काढलं. तिचंही कार्ड त्याच पेटीत, त्याच अक्षरात. आमच्याबरोबरची मंडळी जॅकच्या पलंगाचे फोटो काढून खाली उतरली. रोझमेरीबद्दल कुणी काही विचारलं नाही, याचा मला फार राग आला. मीच विचारलं, तेव्हा आमच्या गाईडने थांबून, आवाज न चढवता सगळं सांगितलं. त्यांच्याबद्दल मला आदर वाटला.

मूळ कार्डं बोस्टनमधल्या कोलंबिया पॉइंटच्या केनेडी ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. बहुतेक प्रवासी तेवढंच संग्रहालय पाहतात, कारण तिथे समुद्र आहे, भव्य काच आहे, भाषणं आहेत. माझं ऐकाल तर आधी बील्स स्ट्रीटला जा आणि त्या टेबलाशी गाईडला रोझमेरीबद्दल जरूर विचारा.